फुगलेल्या शिरा : काही शंका, काही समजुती



शिक्षकाच्या व्यवसायात एक काम असे आहे की ते नेमणुकीच्या कागदावर कोठेही लिहिलेले नसते. इंग्रजीत आलेला कोणताही कागद घेऊन विद्यार्थ्यांचे आईबाप शाळेत येतात आणि म्हणतात, "यात काय लिहिलं हाय ते सांगा जी." पांढुर्णा आणि सौंसर या आमच्या भागात तर हे फारच घडते. घरातील भाषा मराठी, कचेरीची भाषा हिंदी आणि दवाखान्याच्या कागदाची भाषा इंग्रजी, अशा तिहेरी कुंपणात आमचा मनुष्य सापडलेला असतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर एका राज्यात गेले आणि आम्ही दुसऱ्या राज्यात राहिलो. तथापि दुखणे मोठे झाले म्हणजे आमच्या लोकांना वाट नागपूरचीच धरावी लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले, तरी ही वाट काही मोडलेली नाही.

नागपुराहून येणाऱ्या या कागदांत पायांच्या शिरांविषयीचे कागद बरेच असतात. पोटरीवर निळसर, वेड्यावाकड्या, गांडुळासारख्या शिरा उठून दिसतात. संध्याकाळी पाय जड होतात, घोटे सुजतात, रात्री पोटरीत वांब येतात. डॉक्टर यास 'व्हेरिकोज व्हेन' म्हणतात. आपल्याकडील वैद्यकीय परिभाषेत 'अपस्फीत नीला' असा भारदस्त शब्द आहे; आमचे लोक सरळ 'नसा फुगल्या' म्हणतात, आणि मलाही तोच शब्द पसंत आहे.

मी डॉक्टर नव्हे. रोगाचे निदान करणे किंवा औषध सुचविणे हा माझा अधिकार नाही. परंतु हे कागद वाचून दाखविताना जे प्रश्न मला विचारले जातात, ते इतके सारखे असतात आणि त्यांच्या मागची भीती इतकी खरी असते की, त्यांविषयी मोकळेपणाने बोलणे अवश्य आहे असे मला वाटू लागले. कारण रोगापेक्षा त्या भीतीनेच लोक उपचारावाचून घरी बसतात.

प्रथम त्या कागदाचीच भाषा घ्या. तपासणीचे नाव 'डॉप्लर'. ख्रिश्चन डॉप्लर या ऑस्ट्रियन पदार्थवैज्ञानिकाने १८४२ साली लहरींविषयीचा जो नियम मांडला, त्याच्या आधाराने ध्वनिलहरींच्या साह्याने रक्त कोणत्या दिशेने वाहते हे पाहण्याची ही रीत आहे. तीत सुई नाही, वेदना नाही. तपासणी झाली की कागद हाती येतो आणि त्यावर लिहिलेले असते : 'नो एव्हिडन्स ऑफ डी. व्ही. टी.' डी. व्ही. टी. म्हणजे पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होणे. हा धोक्याचा रोग आहे हे कोणाकडून तरी ऐकलेले असते. ती तीन अक्षरे ओळखता येतात, मात्र त्यांच्या आधीचा 'नो' हा शब्द नजरेतून निसटतो, आणि घरात रडारड सुरू होते. वास्तविक त्या वाक्याचा अर्थ 'गुठळी आढळली नाही' असा आहे! दुसरा शब्द 'पेटंट'. याचा व्यापारी हक्काशी काही संबंध नाही. 'शीर मोकळी आहे' एवढाच त्याचा अर्थ, म्हणजे ही तर शुभवार्ताच होय. तिसरा शब्द 'इनकाँपिटंट'. शब्दकोशात पाहिले तर 'नालायक' असा अर्थ सापडतो आणि मनुष्य अधिकच खचतो. येथे त्याचा अर्थ असा की, शिरेतील झडप नीट मिटत नाही. आणि चौथे 'सी' हे अक्षर. 'सी-२', 'सी-४' असे लिहिलेले पाहून कर्करोगाची कितवी पायरी आहे, असे मला विचारले गेले आहे. हे 'सी' 'क्लिनिकल' या शब्दातले आहे. शिरांच्या विकाराची ही प्रतवारी १९९४ साली ठरविण्यात आली. सी-१ म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा, सी-२ म्हणजे फुगलेल्या शिरा, सी-३ म्हणजे सूज, सी-४ म्हणजे कातडी काळी व टणक होणे, सी-५ म्हणजे भरून आलेला व्रण आणि सी-६ म्हणजे वाहता व्रण. कर्करोगाचा येथे काही संबंध नाही.

झडप मिटत नाही म्हणजे काय, हे समजल्याखेरीज पुढचे काहीच समजणार नाही. हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणाऱ्या नळ्यांना धमन्या म्हणतात आणि परत आणणाऱ्या नळ्यांना शिरा. जुन्या पुस्तकांत रोहिणी आणि नीला असे शब्द आहेत. धमनीत हृदयाचा जोर असतो. शिरेत तो उरलेला नसतो. घोट्यापासून हृदयापर्यंत चांगली हातभर उंचीहून अधिक अशी ही चढण रक्ताने कोणाच्या बळावर चढावी? निसर्गाने यासाठी दोन योजना केल्या आहेत. एक, शिरांच्या आत ठिकठिकाणी पातळ पडद्यांच्या झडपा आहेत. त्या वरच्या बाजूसच उघडतात. दुसरी, पोटरीचे स्नायू. आपण पाऊल टाकले की पोटरी आवळते, शिरा दाबल्या जातात आणि रक्त एक पायरी वर चढते. पोटरी सैल झाली की रक्त खाली येऊ पाहते, पण झडप मिटलेली असते. विहिरीवरच्या रहाटाचे पोहरे जसे एकामागून एक वर येतात, तसेच हे आहे. पोटरीला दुसरे हृदय म्हणतात ते उगाच नव्हे.

या झडपांचे सविस्तर वर्णन इटलीतील पादुआ येथील प्राध्यापक फाब्रिसियस यांनी १६०३ साली प्रसिद्ध केले. आश्चर्य असे की, झडपा पाहूनही त्यांचे खरे प्रयोजन त्यांस उमगले नाही. ते उमगले त्यांच्या विल्यम हार्वे या इंग्रज शिष्यास. हार्वेने १६२८ साली रुधिराभिसरणाचा सिद्धांत मांडला, तेव्हा जो प्रयोग दाखविला तो आजही कोणत्याही वर्गात करून दाखविता येतो. दंडाला फडके जरा आवळून बांधावे. कोपराखालच्या शिरा फुगतात आणि त्यांवर मधूनमधून गाठी दिसतात. त्या गाठी म्हणजेच झडपा. एक बोट शिरेवर दाबून ठेवावे आणि दुसऱ्या बोटाने तेथून वरच्या झडपेपलीकडे रक्त सारावे. मधला भाग रिकामा होतो आणि रिकामाच राहतो. वरून रक्त खाली उतरत नाही. आठवीच्या मुलांना हे दाखविले तर ती तासभर एकमेकांचे हात सोडत नाहीत.

आता ही झडप सैल झाली, तर वर गेलेले रक्त खाली घसरते, खालच्या झडपेवर भार येतो, तीही हळूहळू निकामी होते, आणि शीर ताणून वाकडी होते. हीच फुगलेली शीर. निश्चल उभ्या असलेल्या मनुष्याच्या घोट्याजवळील शिरेत पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटर इतका दाब असतो; चालू लागताच निरोगी पायात तो तिसऱ्या हिश्श्यावर उतरतो. ज्याच्या झडपा गेल्या, त्याच्या पायातला दाब चालूनही पुरेसा उतरत नाही. वर्षानुवर्षे असा दाब राहिला की, शिरेतून पाणी व रक्तपेशी कातडीखाली झिरपतात, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तपकिरी, मग काळी होते, खाज सुटते आणि एखाद्या दिवशी लहानशा खरचटीचा व्रण होतो. तो काही केल्या भरत नाही.

हा दोष बहुधा घराण्यातून येतो. आईला असला तर मुलीला असण्याचा संभव अधिक. वाढते वय आणि वजन हीही कारणे आहेत. गर्भारपणात तर तो हटकून डोके वर काढतो, कारण त्या दिवसांत रक्त वाढते, शिरा सैल पडतात आणि गर्भाशयाचा भार ओटीपोटातील शिरांवर येतो. बाळंतपणानंतर काही महिन्यांत त्या शिरा पुष्कळशा ओसरतात. म्हणून तेवढ्या काळात शस्त्रक्रियेची घाई डॉक्टर करीत नाहीत. परंतु या दोषाला खतपाणी घालणारे आणखी एक कारण आपल्या रोजच्या कामात असते : एका जागी उभे राहणे. न्हावी, आचारी, हलवाई, चौकातला पोलीस, बोरगावच्या कारखान्यांतील यंत्रांपुढचे कामगार, संत्र्याच्या हंगामात दिवसभर माल निवडणाऱ्या बाया, आणि अर्थात फळ्यापुढचे आम्ही शिक्षक. संत्र्याची प्रतवारी करणाऱ्या बाईचे स्वतःचे पाय कोणत्या प्रतीचे झाले आहेत, हे पाहण्यास तिला सवड नसते. लुगड्याखाली ते झाकलेले असतात आणि बहुधा झाकलेलेच राहतात. नवऱ्यालाही न दाखविलेला पाय ती परक्या डॉक्टरला कशी दाखविणार?

आमच्या ख्रिस्ती परंपरेत संत पेरेग्रीन म्हणून एक साधू होऊन गेले. इटलीतील फोर्ली हे त्यांचे गाव, १३४५ साली ते वारले आणि १७२६ साली त्यांस संतपद देण्यात आले. तरुणपणीच्या एका अपराधाचे प्रायश्चित्त म्हणून त्यांनी तीस वर्षे शक्यतो न बसण्याचे व्रत पाळले, त्यामुळे पायाच्या शिरा बिघडल्या, मोठा व्रण झाला, आणि पाय कापण्याच्या आदल्या रात्री प्रार्थनेने तो बरा झाला, अशी कथा आहे. चमत्काराची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु सतत उभे राहण्याने पाय बिघडला, कथेचा एवढा भाग वैद्यकालाही मान्य होण्यासारखा आहे. आपल्याकडील खडेश्वरी साधूंचे सुजलेले पाय कुंभमेळ्यात अनेकांनी पाहिले असतील. विटेवर उभे राहणे देवाला साधते. त्याचा वारकरी मात्र चालत असतो, आणि त्याच्या पोटऱ्यांना तेच हितावह आहे.

आता सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न. "बाईजी, ही नस काढून टाकली तं रगत वर जाईन कोठून जी?" मला या प्रश्नाविषयी आदर वाटतो, कारण तो विचारणाऱ्याने पायाच्या रचनेचा स्वतः विचार केलेला असतो. याचे उत्तर असे की, पायातील रक्त वर नेण्याचे मुख्य काम स्नायूंच्या आत दडलेल्या खोल शिरा करतात. दहांपैकी नऊ हिस्से भार त्यांच्यावर असतो. कातडीखालच्या ज्या शिरा आपणास दिसतात, त्या गल्लीबोळांसारख्या आहेत. त्यांतली एखादी बिघडलेली बंद केली, तर रक्त हमरस्त्याने जाते आणि पायाचा भार उलट हलका होतो. म्हणूनच खोल शिरा मोकळ्या आहेत की नाहीत हे डॉप्लरने आधी पाहावयाचे असते. याहून सोपा पुरावा हवा असेल तर हृदयाच्या 'बायपास' शस्त्रक्रियेचा घ्या. क्लीव्हलँड येथे रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या शल्यविशारदाने १९६७ साली पायातील हीच लांब शीर काढून हृदयाच्या धमनीला जोडण्याची रीत रूढ केली. तेव्हापासून जगभर असंख्य लोकांच्या पायातून ती काढली गेली आणि ते लोक त्याच पायांनी चालत घरी गेले.

यावर एक चतुर प्रश्न येतो : मग आज ही शीर जाळून टाकली आणि उद्या हृदयासाठी लागली, तर? फुगून वाकडी झालेली शीर त्या कामी सहसा येतच नाही, आणि छातीतील व हातातील धमन्याही बायपासला वापरतात. सबब या कारणाने उपचार लांबणीवर टाकण्यात अर्थ नाही.

उपचाराचे प्रकार थोडक्यात सांगते. पूर्वी जांघेत छेद घेऊन शीर बांधीत आणि ओढून काढीत. अजूनही काही ठिकाणी तसे करतात. गेल्या पंचवीस वर्षांत लेसरचा बारीक तंतू किंवा रेडिओलहरींची नळी शिरेत घालून ती आतून उष्णतेने बंद करण्याची पद्धत रुळली आहे. ती जागा बधिर करून होते आणि रोगी त्याच दिवशी चालतो. लहान शिरांत फेसाळ औषध टोचून त्या मिटवितात. यांपैकी काहीही केले, तरी पुढे दुसऱ्या शिरा फुगू शकतात. हे कोणी आधी सांगत नाही, आणि मग पाच-सात वर्षांनी 'ऑपरेशन फसले' असा बोभाटा होतो. ते फसलेले नसते. घराण्याचा गुण आणि उभ्याचे काम ही दोन्ही कायम असतात. खर्चाचे म्हणाल, तर आयुष्मान कार्डावर कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात होते, हे घरून निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे; राज्याची सीमा ओलांडून जाणाऱ्यांनी तर अवश्य. आणि ज्यांना केवळ बारीक निळ्या रेघा आहेत, दुखत नाही, सूज नाही, त्यांनी निश्चिंत राहावे.

परंतु ज्या समजुतीने माझ्या पाहण्यात सर्वांत अधिक नुकसान केले, ती वाहत्या व्रणाविषयीची आहे. "वाहू द्या जी, खराब रगत हाय, निंगून जाऊ द्या. आत दबलं तं काळजाले जाईन." असे म्हणून दहा-दहा वर्षे व्रण उघडा ठेवणारी माणसे आमच्या भागात आहेत. त्यांना अडाणी म्हणून हसण्याचे कारण नाही. गॅलनच्या शिकवणुकीवर वाढलेले यूरोपातील वैद्यही कित्येक शतके असेच मानीत की, पायाचा व्रण ही दूषित द्रव्ये बाहेर पडण्याची मोरी आहे आणि ती बुजविणे घातक आहे. आपल्याकडे सुश्रुतापासून जळवा लावण्याची व शीर वेधण्याची परंपरा आहेच. परंतु फुगलेल्या शिरेतील रक्त सडलेले नसते. ते प्राणवायू देऊन परतीस निघालेले, साधे रक्त असते; खोळंबलेले, इतकेच. व्रणातून जे वाहते ते त्या खोळंब्याच्या दाबाने झिरपलेले पाणी. दाब उतरविला की व्रण भरतो. त्यासाठी पाय हृदयाहून उंच ठेवून निजणे, आणि पायाच्या पंज्यापासून गुडघ्यापर्यंत जाणकाराने बांधलेली दाबपट्टी, हे मुख्य उपचार आहेत, मलमे त्यानंतरची. हळद, चुना, बिब्बा, बॅटरीतली काळी भुकटी असे जे जे त्यावर थापले जाते, त्याने कातडी आणखी जळते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार होते, तेव्हा जखमी शेकड्यांनी मोजले जातात आणि वर्तमानपत्रांत आकडे छापून येतात. वर्षाचे बाराही महिने वाहणारा घोट्यावरचा व्रण मात्र कोणी मोजीत नाही.

अर्थात घोट्यावरचा प्रत्येक व्रण शिरेचाच असतो असे नाही. आमच्या पट्ट्यात आणि विदर्भात सिकलसेलचा रोग आहे, त्यातही तरुण वयात घोट्याला असेच चिवट व्रण होतात. त्या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथूनच सुरू झाली. रक्ताची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. मधुमेहाचा, कुष्ठरोगाचा व्रण वेगळा. हत्तीरोगाची सूज वेगळी. तेव्हा शेजाऱ्याच्या पायाला लागू पडलेली पट्टी आपल्या पायाला बांधू नये.

धमनीचा रोग तर याच्या अगदी उलट. शिरेचा पाय उभे राहून दुखतो आणि चालल्याने हलका होतो. धमनीचा पाय शंभर पावले चालताच पोटरीत आवळतो आणि थांबले की राहतो. शिरेच्या रोग्याला पाय वर घेतला की बरे वाटते. धमनीच्या रोग्याला पाय खाटेखाली लोंबता ठेवला की बरे वाटते. पाऊल थंड, फिकट, मग बोट काळे. विडी ओढणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या पुरुषांना होणाऱ्या अशा एका रोगाचे वर्णन न्यूयॉर्कमध्ये लिओ बर्जर यांनी १९०८ साली केले, आणि तो आपल्या देशात पुष्कळ आढळतो. यावर तंबाखू पूर्णपणे सोडणे याखेरीज खरा उपाय नाही. विडी टाकून खर्रा धरला, तर ती सुटका नव्हे. अशा पायाला दाबपट्टी बांधली तर होते नव्हते ते रक्तही थांबेल. म्हणून पट्टी बांधण्यापूर्वी घोट्याची नाडी पाहिली पाहिजे.

दोन प्रसंगी मात्र विचार करीत बसू नये. एक, फुगलेली शीर फुटून रक्ताची धार लागली, तर मनुष्याला ताबडतोब आडवे निजवावे, पाय उंच धरावा आणि त्या जागी स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे. बहुधा तेवढ्याने रक्त थांबते. वरच्या बाजूस दोरी आवळू नये, आणि रोग्याला खुर्चीवर बसवून तर मुळीच ठेवू नये. दुसरा प्रसंग, बाळंतपण, शस्त्रक्रिया, हाड मोडणे किंवा दीर्घ अंथरुण यानंतर एकच पाय अचानक सुजून, गरम होऊन ठणकू लागला, तर ती खोल शिरेतील गुठळी असू शकते. अशा पायाला तेल लावून चोळण्याची आपल्या आयाबायांना फार हौस. तो पाय कोणालाही चोळू देऊ नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. दम लागला, छातीत दुखले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

राहिले घट्ट मोजे. यांचा इतिहास मला फार आवडतो. कॉनराड जोब्स्ट हे जर्मनीत जन्मलेले, अमेरिकेत स्थायिक झालेले यंत्रज्ञ. त्यांच्या स्वतःच्या पायाला शिरांचे व्रण होते. पोहण्याच्या तलावात उभे असता पायांना आराम वाटतो, हे त्यांच्या ध्यानात आले. पाण्याचा दाब खाली अधिक आणि वर कमी असतो, हे यंत्रज्ञाला सांगावयास नको. तसाच दाब देणारा, घोट्याला घट्ट आणि वर सैल होत जाणारा मोजा त्यांनी १९५० साली तयार केला. आज जे मोजे डॉक्टर लिहून देतात, ते याच तत्त्वावरचे असतात. ते मापाने घ्यावे लागतात; बाजारातला कोणताही आवळ मोजा चालत नाही. सकाळी अंथरुणातून पाय खाली सोडण्यापूर्वी, सूज उतरलेली असताना, ते चढवावयाचे आणि रात्री काढावयाचे. धुऊन सावलीत वाळवावे, उन्हात वाळविले तर ताण जातो. पाच-सहा महिन्यांनी तो तसाही जातो आणि नवा जोड घ्यावा लागतो.

आमच्याकडच्या मे महिन्यात हे मोजे घालणे म्हणजे शिक्षाच, अशी तक्रार बायका करतात आणि ती खोटी नाही. अशा दिवसांत निदान उभ्याचे काम असेल तेवढे तास तरी ते घालावे, दुपारी काढून पाय भिंतीला टेकवून वर ठेवावे. आणि माल निवडताना उभे राहणे चुकत नसेल, तर दर अर्ध्या तासाने टाचा वीस-पंचवीस वेळा उचलाव्या. त्यासाठी मुकादमाची परवानगी लागत नाही.